हृदय थांबवलंच नाही

बेकरीच्या मागच्या खोलीत एक खुर्ची होती. लाकडी, रुंद हातांची, पाय लांब करायला पुढे फळी असलेली. तिच्या उजव्या हातावर पितळेची एक छोटी घंटा ठेवलेली असे. ही घंटा मूळची दुकानाच्या फळीवरची. गिऱ्हाइकानं ती वाजवली की आतून कुणीतरी बाहेर यायचं. चार वर्षांपूर्वी बेकरीवाल्या काकांची बायपास झाली, तेव्हा ती घंटा त्यांच्यासाठी आत आली आणि आतच राहिली. आता ती वाजली की काकू यायच्या.

त्या दुपारी मैद्याचा व्यापारी आला होता. सकाळचे पाव भाजून झाले होते आणि भट्टी निवत होती. काका खुर्चीत पाय लांब करून आपली आवडती गोष्ट सांगत होते.

“तीन तास! तीन तास माझं हृदय बंद होतं. रक्त बाहेर यंत्रातून फिरत होतं. म्हणजे मी तसा गेलोच होतो म्हणा ना.”

“मग परत का आलात? तिकडे भट्टी लावायला जागा नव्हती की काय?”

दोघंही खदखदून हसले. खरं पाहता हृदय थांबलं होतं ते तास-सव्वा तास. पण गोष्ट सांगता सांगता फुगते, तशी ही तीन तासांपर्यंत फुगली होती. घरात कुणी ती कधी दुरुस्त केली नाही.

आत भट्टीशेजारच्या शेगडीपाशी काकू कपांत चहा ओतत होत्या. त्यांचा जबडा दुखत होता. दाढ दुखते तसा, पण दाढ कुठली ते बोटानं दाखवता येईना. डाव्या खांद्यापासून पाठीपर्यंत कुणीतरी दोरी पिळत असल्यासारखं वाटत होतं. हे आजचं नव्हतं. जिना चढताना, ट्रे उचलताना असं हल्ली वारंवार व्हायचं. त्यांनी दोन-तीनदा बोलूनही दाखवलं होतं. काका म्हणाले, “पित्त असेल. हृदयाचं दुखणं मला विचार. छातीवर हत्ती बसतो. तुझ्या छातीवर बसलाय का?” हत्ती बसला नव्हता. म्हणून विषय तिथेच संपला. बाईच्या हृदयाचं दुखणं पुष्कळदा जबड्यात, पाठीत, नुसत्या दमात लपून येतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

घंटा वाजली.

“अगं, आणतेस ना? उकळून उकळून काढा होईल त्या चहाचा!”

“आले, आले.”

काकूंनी ट्रे उचलला. दारापर्यंत आल्या आणि पायांतलं बळच गेलं. त्या शेजारच्या मैद्याच्या पोत्यावर बसल्या. ट्रे मात्र त्यांनी मांडीवर सरळ धरला होता. चहाचा एक थेंब सांडला नाही.

दुकानातून पिशव्या न्यायला सून आत आली, तिनं सासूचा चेहरा पाहिला. तो मैद्यासारखाच दिसत होता.

“आई! काय होतंय?”

“काही नाही गं. आधी हा चहा नेऊन दे. निवतोय.”

सुनेनं ट्रे घेतला, तो तसाच जमिनीवर ठेवला आणि पावांची गाडी धूत असलेल्या नवऱ्याला जोरात हाक मारली.

*

तपासण्या झाल्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते सावकाश, समोरच्याला कळेल असं. त्यांनी काकूंना, काकांना आणि सुनेला समोर बसवलं.

“तीन ठिकाणी अडथळे आहेत. बायपास करावीच लागेल. पण एक अडचण आहे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी यांची आतून कडक झालीय. भांड्याला आतून चुन्याची पुटं चढतात ना, तशी. हृदय थांबवून यंत्र जोडायचं तर त्या वाहिनीला चिमटा लावावा लागतो. चिमटा लावला आणि एखादी कपची सुटली, तर ती थेट मेंदूत जाईल. म्हणून यांचं हृदय चालू ठेवूनच मी टाके घालणार आहे.”

काका पुढे सरसावले. “म्हणजे थांबवणार नाही?”

“नाही.”

“आणि ते यंत्र?”

“शेजारी तयार ठेवू. त्याची वेळ येऊ नये.”

काका खुर्चीत मागे टेकले. बऱ्याच वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते काकूंकडे वळून म्हणाले, “बघ, उगीच घाबरलीस. तुझं किरकोळच आहे.”

“किरकोळ नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. पण तोवर काका फोन काढून दाराबाहेर गेलेसुद्धा होते. थोरल्या बहिणीला, आक्कांना, बातमी द्यायची होती.

सून तिथेच बसली होती. “डॉक्टर, मग हे सोपं की अवघड?”

“पळत्या मुलाच्या सदऱ्याला कधी बटण लावलंय?”

“नाही.”

“लावून बघा. मुलाला पकडून ठेवलं तर कुणीही लावेल. पळता पळता लावायचं, आणि मुलाला सुई टोचायची नाही. तसं आहे हे.” मग त्या काकूंकडे वळल्या. “तुम्हाला काही विचारायचंय?”

काकूंनी पदर सारखा केला. “घरी कधी जाता येईल?”

“सगळं ठीक झालं तर आठवड्याभरात. पण कामाला तीन महिने हात लावायचा नाही. छातीचं हाड कापलेलं असतं. ते सांधायला तेवढे दिवस लागतात.”

लहान मूल चंद्र आणून द्यायचं कबूल करतं तेव्हा मोठी माणसं जशी हसतात, तशा काकू हसल्या.

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी खोलीत काय झालं ते घरच्यांपैकी कुणी पाहिलं नाही. वाचकांनी ते पाहायला हवं.

छातीचं मधलं हाड करवतीनं वरपासून खालपर्यंत उभं कापण्यात आलं. काकांचंही चार वर्षांपूर्वी असंच, एवढंच कापलं होतं. त्यात तसूभर फरक नव्हता. मग हाडाच्या दोन फळ्या बाजूला झाल्या आणि काकूंचं हृदय दिसलं. मुठीएवढं, ओलं, आपल्या कामात बुडालेलं. आपल्याकडे कुणी पाहतंय याची त्याला खबर नव्हती.

डॉक्टरबाईंनी दोन बोटांच्या बेचक्यासारखं एक अवजार हृदयावर अलगद टेकवलं. त्या बेचक्यातली टपालाच्या तिकिटाएवढी जागा जवळजवळ स्थिर झाली. भोवतीचं सगळं हृदय मात्र उसळतच होतं. त्या तिकिटावर, केसापेक्षा बारीक दोऱ्यानं, त्यांनी पहिली नवी वाट शिवली. मग दुसरी.

तिसरी जागा हृदयाच्या मागच्या बाजूला होती. तिथे पोहोचायचं तर चालतं हृदय तळहातावर घेऊन वर उचलावं लागतं. डॉक्टरबाईंनी ते उचललं.

“दाब उतरतोय,” भूल देणारे डॉक्टर म्हणाले. एरवी हे गृहस्थ प्रत्येक वाक्याला कोटी करायचे. या वेळी त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. “अजून उतरतोय. ठेवा. खाली ठेवा!”

हृदय पुन्हा जागेवर ठेवलं. सगळे थांबले. पडद्यावरची रेघ हळूहळू पूर्ववत झाली.

“पुन्हा घेते.”

पुन्हा उचललं, पुन्हा दाब घसरला. शेजारच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसानं खटक्यावर हात ठेवला. ते यंत्र लावायचं म्हणजे त्या चुन्याच्या वाहिनीला हात घालणं आलं. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे न पाहता नुसती मान हलवली. अजून नाही.

“टेबल तिरकं करा. डोकं खाली, पाय वर. आणि आता कुणी बोलू नका.”

तिसऱ्यांदा हृदय वर आलं. दाब उतरला, लोंबकळला, आणि तिथेच टिकला. डॉक्टरबाईंची सुई चालू झाली. खोलीत यंत्राच्या टिकटिकीखेरीज आवाज नव्हता. टाका झाला की त्या ओठांतल्या ओठांत “हं” म्हणत. शेवटच्या “हं”नंतर त्यांनी हृदय अलगद खाली ठेवलं.

हाडाच्या दोन फळ्या पोलादी तारांनी घट्ट बांधून छाती बंद झाली.

त्याच वेळी बाहेरच्या बाकावर काका फोनवर सांगत होते, “काळजीचं काही नाही गं आक्का! चालत्या गाडीतच दुरुस्ती. हृदय थांबवलंच नाही. माझ्या वेळी आठव, तीन तास…”

*

काका घरी आले होते तेव्हा तीन महिने खुर्चीतून उठले नव्हते. त्यांना खोकला आला की काकू धावत येऊन त्यांच्या छातीवर उशी दाबून धरत, म्हणजे सांधा हलू नये. पाठ काकूच चोळत, नखंही त्याच कापत. घंटा वाजायची, काकू यायच्या. भेटायला माणसं लोटत. त्यांच्यासाठी चहा काकूच करत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. काकूंनासुद्धा नाही.

काकू घरी आल्या तेव्हा त्यांची खाट दुकानावरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून टाकली. “तिला एकटं वाटायला नको,” काका म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. खाटेवरून शेगडी दिसत होती. घंटा खाली खुर्चीच्या हातावर होती तिथेच राहिली. ती इकडे आणावी असं कुणाच्या मनातच आलं नाही. दुष्टपणा असता तर कुणीतरी बोट ठेवू शकलं असतं. इथे दुष्टपणा नव्हता, नुसती सवय होती.

पहिले काही दिवस सुनेनं सगळं ओढलं. पहाटेपासून दुकानाच्या फळीमागे उभं राहायचं, मध्येच धावत वर येऊन स्वयंपाक करायचा, सासूला औषध द्यायचं, पुन्हा खाली. तिच्या पायांवर सूज दिसू लागली. काकू खाटेवरून ते पाय पाहत राहायच्या.

पुरुषांना घरात काही सापडत नव्हतं.

“आई, माझा निळा शर्ट?”

“कपाटात, डावीकडे, चादरींच्या खाली.”

“अगं, साखर संपली का?”

“खालच्या फळीवर, लाल झाकणाच्या डब्यात.”

आधी असा काकूंचा आवाज कामाला लागला. पाय त्याच्या मागून निघायला फार वेळ लागला नाही.

एका दुपारी आक्का आल्या, शेजारच्या दोन बायकांना घेऊन.

“काय वहिनी, अजून आडवीच? रंग तर चांगला चढलाय की चेहऱ्यावर.”

“हिचं हृदय थांबवलंच नाही, आक्का,” काका म्हणाले. ही आता त्यांची दुसरी गोष्ट झाली होती.

“मग तर झालंच. माझी गर्भाची पिशवी काढली ना, तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता, मी पिठाचा डबा उचलून वर ठेवला होता. सासूला पत्ता लागू दिला नाही.” हे सांगताना आक्कांचा हात आपसूक कमरेवर गेला. ती कंबर त्यानंतर कधी सरळ झाली नव्हती. पण डबा आणि कंबर यांची गाठ आक्कांनी कधी घातली नव्हती, दुसऱ्या कुणीही नाही.

“हल्लीच्या बायकांना कौतुक फार,” शेजारीण म्हणाली, आणि काकूंकडे बघून गोड हसली. “तुम्हाला नाही हो म्हणत.”

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “सूनबाई खाली आहे, गिऱ्हाइकांची गर्दी दिसतेय. चहाचं काय करायचं?”

कुणाला उद्देशून विचारलं होतं? कुणालाच नाही. तिला उठ म्हणालो नाही, असं काका शपथेवर सांगू शकले असते, आणि ती शपथ खोटी ठरली नसती.

काकूंनी खाली दुकानाच्या दिशेनं कान दिला. सुनेचा आवाज येत होता, दमलेला. मी झोपून राहिले तर आता ती जिना चढून येणार. काकूंनी दोन्ही हात खाटेवर रेटले, जे करायचं नाही म्हणून डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, आणि त्या उठल्या.

घरात एकच मोठी किटली होती, बेकरीच्या माणसांसाठी घेतलेली. काकूंनी ती पाण्यानं भरली, चहा केला, आणि भरलेली किटली दोन्ही हातांनी शेगडीवरून उचलली.

छातीच्या आत टक् असं काहीतरी वाजलं. वाळकी काडी मोडावी तसं.

काकूंनी किटली ओट्यावर टेकवली. डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचले. बाहेर कशावर तरी हशा पिकला होता. त्यांनी श्वास अर्ध्यावर रोखून धरला, ठिपके जाईपर्यंत थांबल्या, आणि कप भरले.

“आहाहा,” पहिला घोट घेऊन आक्का म्हणाल्या. “चहा वहिनीच्याच हातचा! बघ, उठल्यावर बरं वाटतं की नाही?”

“हो,” काकू म्हणाल्या.

*

एकदा उठलेलं माणूस उठलेलंच धरलं जातं. दुसऱ्या दिवशी भाजी, तिसऱ्या दिवशी बापलेकांचं सगळं जेवण. सून “आई, तुम्ही नका” म्हणायची, पण खालून कुणीतरी हाक मारायचं आणि तिला जावं लागायचं.

कूस बदलताना छातीत दोन फळ्या एकमेकींवर घासाव्यात तसं व्हायचं. खोकला आला की काकू पालथी मूठ तोंडावर दाबून तो गिळायच्या. अंगात कसकस होती, तिला त्या भट्टीची धग म्हणायच्या. हे सांगितलं तर पुन्हा दवाखाना, पुन्हा सगळं सुनेच्या अंगावर. त्यापेक्षा आपोआप बसेल जागेवर, असा त्यांचा हिशेब होता. आयुष्यभर त्यांचं सगळं आपोआपच जागेवर बसत आलं होतं. निदान तसं सगळे समजत होते.

एका सकाळी दुकानात जाण्याआधी सून त्यांचे केस विंचरत होती. काकूंना हात वर नेता येत नव्हते. विंचरता विंचरता सुनेला वास आला. औषधाचा नव्हता, भाजीचा नव्हता. तिनं पुढे वाकून पाहिलं. पोलक्याच्या मधोमध पिवळट ओला डाग होता.

“आई, हे काय?”

“चहा सांडला असेल.”

सुनेनं डागाच्या शेजारी हलकेच तळहात ठेवला. नेमका तेव्हाच काकूंना खोकला आला, आणि या वेळी तो गिळता आला नाही. सुनेच्या तळहाताखाली सासूची छाती दुभंगून हलली. उजवी बाजू एकीकडे, डावी दुसरीकडे.

फणी खाली पडली.

“कधीपासून?”

“हळू बोल. खाली गिऱ्हाईक असेल.”

“आई, कधीपासून हे?”

“आक्का आल्या होत्या ना,” काकू म्हणाल्या, “त्या चहाच्या दिवसापासून.”

*

तारांनी हाड कापत नेलं होतं आणि फटीतून जंतू आत शिरले होते. डॉक्टरबाईंनी जखम पाहिली आणि तिच्या कडा बोटांनी चाचपल्या.

“आजच उघडावं लागेल. हृदय इथून बोटभर अंतरावर आहे. तिथे पोहोचलं तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

काका पांढरेफटक पडले होते. “पण डॉक्टर,” ते म्हणाले, “हृदय तर थांबवलंच नव्हतं!”

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. “तुमच्या शर्टाची वरची दोन बटणं काढा.”

“माझ्या?”

“काढा.”

काकांनी बटणं काढली. छातीवरचा जुना उभा वण दिसला. डॉक्टरबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या काकूंच्या जखमेकडे बोट केलं. “हे एकच हाड आहे. ते करवतीनं कापतात, तारेनं बांधतात. आत हृदय चालू होतं की बंद, याची हाडाला खबर नसते. ते बाईचं आहे की पुरुषाचं, याचीही नसते. तुम्ही किती दिवस आराम केलात?”

“तीन महिने. पण माझं…” काका थांबले.

“खोकला आला की तुमच्या छातीवर उशी कोण धरायचं?”

काकांनी काकूंकडे पाहिलं.

“आणि यांच्या?”

मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. काकांनी बटणं लावायचा प्रयत्न केला. ती लागेनात.

तेवढ्यात काकू बोलल्या. आवाज अगदी बारीक होता, पण हलत नव्हता.

“डॉक्टर, ऑपरेशन करा. माझी हरकत नाही. पण नंतर मला घरी पाठवू नका.”

“अगं, असं काय बोलतेस?” काका जवळ आले. “घरी नाही तर कुठे जाणार?”

“कुठेही. जिथून शेगडी दिसत नाही तिथे.”

“मी तुला उठ म्हणालो होतो का? एकदा तरी?”

“नाही. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही नुसतं चहाचं विचारलंत.” काकूंना दम लागला. सून पुढे झाली, तशी काकूंनी तिचं मनगट धरलं. “आणि माझ्याऐवजी हिला उठवणार असाल, तरी मी येणार नाही. हिच्याकडे बघूनच मी उठले होते.”

“मग करणार कोण?” मुलगा बोलून गेला.

तो असं काही ठरवून बोलला नव्हता. वाक्य तोंडातून निघालं, खोलीत उभं राहिलं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली.

“पहाटे उठून तुम्ही दोघं गावभर पुरतील एवढे पाव भाजता,” काकू म्हणाल्या. “पीठ मळता, भट्टी सांभाळता. चार कप चहा जमणार नाही?”

परिचारिका खाट न्यायला आल्या. खाट हलली तेव्हा काका तिच्या कडेला धरून चालू लागले. दारापाशी त्यांना हात सोडावा लागला.

“ये,” ते म्हणाले. “तू घरी ये. मी बघतो.”

काकूंनी डोळे मिटून घेतले. आजवर पुष्कळ गोष्टी ते बघणार होते.

*

या वेळी बाकावर बसून काकांनी कुणाला फोन केला नाही. आक्कांचा आला, तो त्यांनी वाजू दिला.

आत हाडाचे कुजलेले तुकडे काढले, छातीचे स्नायू सोडवून मधल्या पोकळीवर ओढून घेतले. काकू वाचल्या. पण इतक्या काठावरून की पुढचे कित्येक दिवस डॉक्टरबाई येता-जाता त्यांच्या खाटेपाशी थांबून जात. उजवा हात खांद्याच्या वर पुन्हा कधीच गेला नाही. उंचावरचा डबा त्या आयुष्यात आता काढू शकणार नव्हत्या.

त्या घरी आल्या तेव्हा खाट स्वयंपाकघराशेजारून हलली होती. पलीकडच्या उजेडाच्या खोलीत काकांची खुर्ची वर आणून मांडलेली होती, तिच्यावर नवी गादी, आणि हातावर घासून लख्ख केलेली घंटा.

काकूंनी दोन दिवस घंटेला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी घसा फार सुकला तेव्हा त्यांनी ती वाजवली. सवयीनं सून उठली.

“तू बस,” काका म्हणाले, आणि उठले. पाण्याचा पेला सापडायला त्यांना बराच वेळ लागला. काकूंनी तो कुठे असतो ते सांगितलं नाही. हे त्यांना फार जड गेलं, पण सांगितलं नाही.

मग काही आठवड्यांनी आक्का आल्या. दारातूनच त्यांची नजर खुर्चीवर गेली.

“वा! राणीसाहेब दरबारात बसल्यात की!”

कुणी हसलं नाही. मैद्याचा व्यापारी कोपऱ्यात बसला होता. तो नेहमीच्या सवयीनं म्हणाला, “काका, तुमचे ते तीन तास सांगा ना आक्कांना.”

“तास-सव्वा तास होता तो,” काका म्हणाले. “आणि आमच्या घरात ऑपरेशन दोघांचं झालं. मोठं हिचं होतं.”

व्यापारी जरा चुळबुळला आणि मैदा उतरवून घ्यायचा आहे म्हणून खाली गेला. आक्का कंबर वाकवूनच बसल्या. “चहाबिहा मिळतो का या घरात, की तोही बंद?”

काकूंनी घंटा वाजवली. “आलो,” म्हणत काका आत गेले. मुलगाही मागोमाग गेला. आतून आलं किती घालायचं याचा वाद ऐकू आला, मग चहा उतू गेल्याचा चरचराट. काही वेळानं कप आले. चहा कडू होता आणि बशी भलत्याच कपाची होती. आक्कांनी एक घोट घेतला. नेहमीप्रमाणे काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या भावाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिल्या. तो रिकामा ट्रे घेऊन आत चालला होता, खांद्यावर फडकं टाकून.

आक्कांनी कप खाली ठेवला. त्यांचा हात कमरेवर गेला होता.

“तो पिठाचा डबा…” त्या म्हणाल्या. “मला कुणी घंटा दिली नव्हती गं.”

काकूंनी डाव्या हातानं घंटा उचलली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“वाजवा.”

“चल! काहीतरीच. मला काय हवंय?”

“पाठीला उशी मागा. केव्हाची वाकून बसलायत.”

आक्कांनी दाराकडे पाहिलं, चोरी करणाऱ्यानं पाहावं तसं. मग घंटा दोन बोटांत धरून हलवली. इतकी हळू की आवाजच निघाला नाही.

“जोरात, आक्का. आतपर्यंत जायला हवी.”

आक्कांनी घंटा मुठीत घट्ट धरली आणि वाजवली.

आत कसलंसं झाकण खणकन पडलं, आणि दोन्ही आवाज एकदम आले.

“आलो!”